सहाच्या गाडीतली पिशवी

जेवताना माझं अर्धं लक्ष दाराकडे असतं. पाहुण्यांशी बोलता बोलता मी उठते, खिडकीपाशी जाते, परत येऊन बसते आणि पाच मिनिटांत पुन्हा उठते. पाहुण्यांना वाटतं, ही बाई आपण कधी जातो याचीच वाट बघतेय. तसं काही नसतं. नोकरी सुटून बरीच वर्षं झाली, बाजार घरापासून पाच मिनिटांवर आहे, मला कुठंही पोचायचं नसतं. तरी संध्याकाळचे साडेपाच वाजले की माझे पाय चुळबुळायला लागतात. नवरा म्हणतो, "बस ना जरा एका जागी." त्याला काय जातंय म्हणायला. त्यानं आयुष्यात कधी अपडाऊन केलेलं नाही.

आमच्याकडे गावाहून रोज शहरात जाऊन परत येण्याला अपडाऊन म्हणतात. "पोरगी काय करती?" असं कुणी विचारलं की "जालन्याला अपडाऊन करती" एवढं उत्तर पुरायचं. तिथं जाऊन काय करते, हे कुणी विचारायचं नाही. अपडाऊन हेच मुख्य काम होतं, नोकरी मधल्या वेळात उरकायची.

नव्वदीच्या दशकात मी केदारखेड्याहून जालन्याला अपडाऊन करत होते. सकाळी भोकरदनहून येणारी साडेसातची लाल गाडी, संध्याकाळी जालन्याच्या स्टँडवरून सहाची. मधला दिवस एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत जायचा. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, कागद गुंडाळून ठेवायचा आणि ठरलेल्या दिवशी उघडून किती उगवले ते मोजायचं. बाजरी, मका, ज्वारी, सरकी. बसून करायचं काम होतं आणि बसणं माझ्या स्वभावात नव्हतं, पण ते काम मला आवडायचं. दाणा उगवला म्हणजे उगवला, नाही म्हणजे नाही. घरी किंवा गावात कोणत्याच गोष्टीचं इतकं सरळ उत्तर मला मिळत नव्हतं.

ही नोकरी मिळाली तेव्हा आमच्या भावकीतली एकही मुलगी पगारावर गेलेली नव्हती. बाया वावरात दिवसभर राबायच्या, पण ते काम कुणी कामात धरायचं नाही. माझे वडील, म्हणजे अण्णा, कमी बोलणारे. पांढरं धोतर, पांढरी टोपी. ती टोपी आंघोळीला आणि मौतीला उतरायची, एरवी नाही. भर उन्हात नांगरतानासुद्धा मी त्यांना बोडक्या डोक्यानं पाहिलेलं नव्हतं. लोक काय म्हणतील याची त्यांना फार धास्ती, आणि ते म्हणण्याचं काम त्यांचे चुलतभाऊ तात्या मन लावून करायचे. तात्या अण्णांपेक्षा मोठे. रोज संध्याकाळी आमच्या स्टॉपवरच्या हॉटेलात चहा पीत बसायचे आणि येणाऱ्या जाणाऱ्याला न्याहाळायचे. माझं नोकरीचं पत्र आलं तेव्हा ते घरी येऊन म्हणाले, "लेकीबाळीच्या पगारावर घर चालवायचे दिवस आले का रं तुझ्यावर?"

 चौथ्या दिवशी अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, "सहाच्या गाडीनं यायचं. ज्या दिशी सहाची गाडी तुझ्याबिगर आली, त्या दिशी नोकरी खलास. मंग मला काही सांगू नको अन् रडू बी नको."

मी हो म्हणाले. तेव्हा मला ती अट सोपी वाटली होती.

पुढची दोन वर्षं मी त्या सहाच्या गाडीची नोकर होते. प्रयोगशाळेत पाच वाजल्यापासून माझी नजर भिंतीवरच्या घड्याळावर. एखादा कागद उलगडायचा राहिला की मी उभ्यानंच दाणे मोजायची. साहेब म्हणायचे, "बाई, बसा की." साडेपाचला कंपनीतून निघायचं, ऑटोचा खर्च नको म्हणून चालत, म्हणजे जवळपास पळतच स्टँड गाठायचं. सकाळी गाडी उशिरा आली तर कंपनीत लेट मार्क, तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार गेला. संध्याकाळी मला उशीर झाला तर अख्खी नोकरी जाणार. दोन्हीकडून मीच कात्रीत. रात्री झोपेत दचकून उठून मी पिशवी चाचपायची, असं माय सांगायची.

आणि तरीही मी त्या गाडीला नावं ठेवणार नाही. आमचं वावर कोरडवाहू. पैसा यायचा तो कापूस विकला की एकदम, मग वर्षभर नुसती वाट बघायची. माझ्या पगारामुळे आमच्या घरात पहिल्यांदा महिन्याच्या महिन्याला येणारं काहीतरी सुरू झालं. माय महिन्याचा किराणा भरायला लागली. धाकट्या भावाची कॉलेजची फी वेळेवर जायला लागली. स्टॉपवरचं हॉटेल आम्हा अपडाऊनवाल्यांसाठी पहाटे उघडायला लागलं. त्याच्या शेजारी सायकलचं दुकान आलं, कारण आतल्या गावांतली माणसं सायकली तिथं लावून गाडी धरायची. गावातला किराणावाला मात्र माझ्यावर खार खाऊन होता. निम्म्या गल्लीचं सामान ही जालन्याहून आणते आणि माझा धंदा बसवते, असं तो म्हणायचा. खोटं नव्हतं ते. कुणाला मोटारीचं बेअरिंग हवं असायचं, कुणाला दम्याच्या गोळ्या, कुणाला ब्लाऊजची लेस. माझी निळी रेक्झिनची पिशवी येताना जाताना कधी रिकामी नसायची.

गाडी जिथं जात नाही तिथं काय होतं, तेही मी पाहिलं. हसनाबादच्या अंगाला, डांबरी रस्त्यापासून बरंच आत, माझ्या एका मैत्रिणीचं गाव होतं. भोकरदनला मामाकडे राहून ती माझ्यासोबत शिकली. माझ्याहून हुशार. कंपनीचं पत्र आम्हा दोघींना एकाच आठवड्यात आलं होतं. तिच्या गावाला गाडी दिवसातून एकदा यायची, तीही दुपारी. आठवडाभर ती पहाटे उठून रस्त्यापर्यंत पायी येत राहिली. मग यायची थांबली. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं आणि ती सासरच्या कापसात वेचणीला लागली. तिची आठवण आली की मला अजून राग येतो, आणि तो कुणावर काढावा ते समजत नाही. तिच्या माझ्यात फरक काय, तर माझं गाव रस्त्याला लागून होतं.

आता ज्या गोष्टीवरून पुढचं सगळं घडलं ती सांगते. जालना स्टँडवर गाडी फलाटाला लागते न लागते तोच लोक खिडकीतून सीटवर काहीतरी टाकतात. बहुतेक दस्ती, म्हणजे रुमाल. नाहीतर टॉवेल, वही, भाजीची जुडी, जे हाताशी असेल ते. वस्तू सीटवर पडली की जागा तुमची. मग तुम्ही दारातून सावकाश चढा, कुणी हरकत घेणार नाही. हा कायदा कुठं लिहिलेला नाही, पण दस्ती उचलून कुणी बसला तर सगळी गाडी त्याच्या अंगावर जायची. ज्यांची एकमेकांशी बोलचाल बंद आहे अशी माणसंही एकमेकांची दस्ती पाळायची. मी दस्ती टाकायची नाही, माझ्या एवढ्याशा दस्तीला कुणी भीक घातली नसती. मी पिशवी टाकायची. दारापासून तिसरं सीट, डावीकडे. दोन वर्षांत ती पिशवी इतकी ओळखीची झाली होती की कंडक्टर माझा पास बघत नसे, पिशवी बघितली की मी आले असं धरून चालायचा.

त्या दिवशी संकष्टी चतुर्थी होती. चतुर्थीला राजूरच्या गणपतीला जाणारी गर्दी आमच्याच रस्त्यावरच्या गाड्यांत चढायची, त्यामुळे राजूरपर्यंत मुंगीलाही जागा नसे. मी पावणेसहाला स्टँडवर पोचले, गाडी येताना दिसली, धावत धावत खिडकीतून पिशवी आत टाकली. तिसऱ्या सीटवर बरोबर पडली. तेवढ्यात शेजारी कचेरीतले काका येऊन बसले. जालन्याच्या कचेरीत कारकून, भोकरदनला राहायचे, आमच्या अपडाऊनवाल्यांत सगळ्यांत जुने. त्यांनी आतून हात केला. मला हायसं वाटलं. हातात पंधरा मिनिटं होती.

आणि इथं मी चूक केली. चार दिवसांपूर्वी अण्णांच्या चष्म्याची काडी तुटून काच निखळली होती आणि मी तो स्टँडच्या मागच्या दुकानात दुरुस्तीला टाकला होता. चष्म्याशिवाय अण्णांना हातभर अंतरापलीकडचं सगळं धुरकट. रोज विचारायचे, "आणला का?" आणि रोज मी, गाडी धरायची म्हणून, दुकानाकडे न वळताच आलेली असायची. त्या दिवशी वाटलं, पिशवी जागेवर आहे, म्हणजे मी जागेवर आहे. पिशवी टाकायच्या आधी मी एक नोट काढून मुठीत ठेवली होती. पास, डबा, कुणाच्या तरी गोळ्या, सगळं पिशवीत.

दुकानदार निवांत माणूस. त्यानं चष्मा काढला, फुंकर मारली, पुसला, स्क्रू सैल आहे म्हणाला, बारका पेचकस शोधायला लागला. मी म्हणाले, "असू द्या हो सैल, द्या तसाच." तो म्हणाला, "असा कसा देऊ, रस्त्यात काच पडली तर मलाच बोलताल." मी दारात एक पाय आत, एक बाहेर. त्याच्या भिंतीवर घड्याळ नव्हतं. सुटे पैसे घेऊन मी निघाले ती पळतच, आणि फलाटावर गाडी नव्हती.

गाडी बरोबर सहाला सुटली होती. दोन वर्षांत ती वेळेवर सुटल्याचं मला आठवत नाही, त्या दिवशी सुटली. भरून गेली होती, मग थांबून करायचं काय. फलाटापाशी उकडलेल्या शेंगा विकणारी एक मावशी बसायची. तिनं मला बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अगे बेटी, तू यहाँ क्या करती? मैं समझी तू अंदर है. तेरी थैली तो गई ना!"

मी तिथंच उभी राहिले. पहिल्यांदा डोक्यात आलं ते पिशवीचं नाही, पासाचं नाही. सहाची गाडी माझ्याबिगर गेली, एवढंच आलं. दोन वर्षं एकेक दिवस करून जे सांभाळलं ते चष्म्याच्या एका स्क्रूनं गेलं. मला स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटली. पुढची गाडी सव्वासातची होती. तिकिटापुरते पैसे मुठीत होते. त्या सव्वा तासात मी फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत किती चकरा मारल्या कोण जाणे. शेवटी मावशी म्हणाली, "बैठ गे माँ, तेरे चलने से गाडी जल्दी आती क्या?" तरी मी बसले नाही.

इकडे सहाच्या गाडीत काय झालं ते मला नंतर काकांनी सांगितलं. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. कंडक्टरनं तिसऱ्या सीटवर निळी पिशवी पाहिली, ताई आल्या असं समजला आणि डबल बेल दिली. काकांना वाटलं, मी गर्दीत मागं कुठंतरी अडकलेय, वाट काढत येईन. जो कुणी बसायला बघेल त्याला ते सांगत राहिले, "ताईची जागा हाय, येऊन राह्यल्या त्या." लोक उभे राहिले. नारळ-फुलांच्या पिशव्या घेतलेल्या बाया उभ्या राहिल्या. नेमके त्या दिवशी तात्याही गाडीत होते, जालन्याला काही कामाला आले होते. काका त्यांना ओळखत नव्हते. तात्यांनी पिशवीला हात घातला तर दोघाचौघांनी आवाज केला, "ओ बाबा, दस्ती पडेल हाय तिथं, दिसत न्हाई का?" तर लेकीबाळीनं कशाला शहरात जायचं असं म्हणणारे आमचे तात्या, माझ्या रिकाम्या जागेपाशी दांडा धरून राजूरपर्यंत उभे राहिले. राजूरला गाडी रिकामी झाली तेव्हा काकांनी उठून मागं एकेक सीट पाहिलं. मी कुठंच नव्हते.

केदारखेड्याच्या स्टॉपवर अण्णा नेहमीसारखे उभे होते. डोळ्यांना सगळं धुरकट, अंधार पडलेला. गाडीच्या दारातून निळी पिशवी खाली येताना त्यांना दिसली. रोज ते माझ्या हातातून पिशवी घ्यायचे आणि पुढं चालायला लागायचे, मी मागून जायची. त्या दिवशीही त्यांनी हात पुढं केला, पिशवी घेतली आणि वळून चालू लागले. तो हात काकांचा होता हे त्यांना दिसलं नाही. काका दारातून "अहो, ऐका, ऐका" करत राहिले. तोवर तात्या उतरले आणि सगळ्या हॉटेलाला ऐकू जाईल असं बोलले, "अरं, कुणासंगं चालला? पोरगी न्हाई आली. नुसती पिशवी आली."

सव्वासातच्या गाडीत मला जागा मिळाली होती. मी बसले नाही. पूर्णेचा पूल ओलांडला तेव्हा मी दाराच्या पायरीवर आले होते आणि नवा कंडक्टर मला ओरडत होता.

अण्णा हॉटेलच्या बाकावर बसले होते, पिशवी मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेली. तात्या आणि आणखी चारपाच माणसं आजूबाजूला.  मी जवळ जाऊन म्हणाले, "अण्णा, चष्मा आणायला गेल्ते." आणि चष्मा पुढं केला.  अण्णांनी चष्मा घातला. खिशातली बॅटरी काढून माझ्या तोंडावर उजेड पाडला, मग पायापर्यंत आणि परत वर. बॅटरी बंद केली आणि म्हणाले, "चल."

 घरी माय चुलीपुढं बसलेली, डोळे सुजलेले. तिनं ताट वाढलं, ते मी तसंच सरकवलं. मला वाटत होतं, एकदा बोलून टाकावं त्यांनी, खलास तर खलास. जेवण झाल्यावर अण्णा अंगणात खाटेवर आडवे झाले. तिथूनच म्हणाले, "तात्या उभे आल्ते म्हणं राजूरपस्तोर."

मी म्हणाले, "मला काय माहीत. मी कुठं होते गाडीत?"

"उद्या मी येतो तुझ्यासंगं," अण्णा म्हणाले आणि कूस बदलली.

म्हणजे साहेबांना सांगायला. उरलेला पगार घ्यायला. मी रात्रभर छताकडे बघत पडले होते. रडू नको म्हणून आधीच सांगितलेलं होतं, म्हणून रडलेही नाही.

सकाळच्या गाडीत अण्णा माझ्या शेजारी बसले. जालन्याला उतरून मी सवयीनं पळत सुटले आणि अर्ध्या रस्त्यात आठवलं की अण्णा मागं राहिलेत. मागं बघितलं तर ते धोतराचा सोगा धरून भराभरा चालत होते, धापा टाकत. "रोज अशीच जाती का?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "रोज." कंपनीत साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. मी वाट बघत होते की आता सांगतील. अण्णांनी चहा घेतला आणि मी मांडलेले कागद बघत बसले. एक गुंडाळी उलगडली तेव्हा जवळ आले. बाजरीचे कोंब पांढरे, नाजूक, ओळीनं उभे. "शंभरातले किती?" त्यांनी विचारलं. मी मोजून सांगितलं, "ब्याण्णव." ते वाकून परत स्वतः मोजायला लागले. मोजून झाल्यावर म्हणाले, "बराबर हाय." साहेबांना मात्र ते काहीच बोलले नाहीत. दुपारभर बाहेर लिंबाखाली बसून राहिले. मला वाटलं, संध्याकाळी निघताना सांगणार असतील. संध्याकाळीही त्यांनी साहेबांना नुसता रामराम केला.

पावणेसहाला आम्ही स्टँडवर होतो. लगीनसराईची गर्दी, बोहारणी, पत्र्याच्या पेट्या, रडणारी पोरं. गाडी वळणावर दिसली आणि सगळा फलाट तिच्याकडे धावला. मी धावले नाही. कालच्यानंतर पिशवी टाकायची मला हिंमतच नव्हती, ती मी छातीशी धरून ठेवली होती. आणि कशाला धावू, उद्यापासून तर यायचंच नाही. उभ्यानं जाऊ एक दिवस, असं मनात म्हणाले. एकेका खिडकीतून दस्त्या, टॉवेल पडत होते. दारापाशी रेटारेटी सुरू झाली. बाया पदर खोचून आत घुसत होत्या, एकीची चप्पल खाली राहिली. अण्णा हे सगळं दुरुस्त झालेल्या चष्म्यातून बघत होते.

"तुझी कोणती जागा?" त्यांनी विचारलं.

"तिसरी. डावीकडची," मी म्हणाले. "आता काय उपयोग."

मी वळून बघेपर्यंत अण्णा गर्दीत घुसले होते. त्यांच्याकडे दस्ती नव्हती, खांद्यावर टॉवेल नव्हता, हातात काही नव्हतं. खिडकीपाशी पोचून त्यांनी एकदा इकडंतिकडं पाहिलं. मग डोक्यावरची टोपी काढली आणि हात उंच करून खिडकीतून आत टाकली.

 अण्णांच्या डोक्यावर एवढे कमी केस उरलेत हे मला माहीत नव्हतं. तेवढ्या माणसांत ते बोडक्या डोक्यानं उभे होते आणि मला हातानं खुणावत होते, चढ, चढ. मी रेटत आत गेले. तिसऱ्या सीटवर पांढरी टोपी होती आणि भोवती उभ्या माणसांतलं कुणी तिला हात लावत नव्हतं. मी टोपी उचलून मांडीवर घेतली आणि बसले. अण्णा चढले, पण गर्दीनं त्यांना मागं ढकललं. मी टोपी वर धरून दाखवली. त्यांनी मानेनं नको म्हटलं. राजूर गेलं, गर्दी कमी झाली, तरी ते पुढं आले नाहीत, मागं दांडा धरून उभे राहिले. त्या दिवशी जालना ते केदारखेडा मी एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

स्टॉपवर आम्ही दोघं उतरलो. हॉटेलात तात्या बसलेले होते. त्यांनी आधी मला पाहिलं, मग अण्णांच्या डोक्याकडे, आणि हातातला चहाचा कप तसाच राहिला. "काय रं," ते उठत म्हणाले, "टोपी कुठं गेली? कोण गेलं का काय?"

"गाडीत जागा धरायला टाकल्ती," अण्णा म्हणाले.

मी टोपी दिली. त्यांनी ती मांडीवर दोनदा झटकली, दोन्ही हातांनी डोक्यावर नीट बसवली, माझ्या हातातून पिशवी घेतली आणि चालायला लागले. मी मागून निघाले. बैलगाड्यांच्या वाटेला लागल्यावर ते न थांबता, मागं न बघता म्हणाले, "उद्यापासून मोठी दस्ती टाकत जा. पिशवी हातातच ठेवायची."